कर्बरेषेचा इतिहास : आरेखनफलकापासून संगणकीय प्रतिमानापर्यंत
(मोरा–उरण परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रस्त्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष महामार्ग, पूल आणि घाट यांकडे जाते. दोन रस्ते जेथे मिळतात तेथील कोपऱ्याचा कर्ब, म्हणजेच पदपथ आणि वाहनमार्ग यांच्या सीमेवरील दगड, सहसा दुर्लक्षित राहतो. तथापि पावसाचे पाणी कोठे साचेल, अवजड वाहन कोठून वळेल आणि पादचाऱ्याला किती अंतर धोक्यात चालावे लागेल, या तीनही प्रश्नांची उत्तरे या एका रेषेवर अवलंबून असतात. आज ही रेषा संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने आखली जाते. तिच्या आखणीची पद्धत कशी बदलत गेली आणि त्या बदलात कोणाच्या गरजा प्रमाण मानल्या गेल्या, याचा शोध मोरा–उरण परिसराच्या संदर्भात घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मोरा बंदर आणि रस्त्यांचे आगमन

मोरा हे उरणचे जुने बंदर. मुंबईतील भाऊचा धक्का ते मोरा ही लाँचसेवा अनेक पिढ्यांनी वापरली आहे. उरणची मिठागरे आणि मोहाच्या दारूच्या भट्ट्या यांचा उल्लेख ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये येतो. या मालाची आणि माणसांची मुख्य वाट समुद्राची होती; जमिनीवरील रस्ते बंदर, बाजार आणि गावठाण यांना जोडण्यापुरते होते. बैलगाडी आणि पायी चालणारा माणूस एकाच वाटेने जात असल्याने दोघांना वेगळे करणाऱ्या दगडाची आवश्यकता नव्हती.

कर्ब ही मूलतः शहरी संकल्पना होय. लंडनमध्ये १७६२ च्या वेस्टमिन्स्टर फरसबंदी कायद्यानंतर उंच पदपथ आणि त्यांच्या कडेचे दगड यांना चालना मिळाली. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने रुंद, आखीव रस्त्यांचा पुरस्कार केला. खाडीपलीकडील उरणपर्यंत ही आखणी पोहोचण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

मानकांची निर्मिती

भारतीय रस्त्यांच्या मानकीकरणात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. १९२७ मध्ये नेमलेल्या रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. त्यांच्या समितीच्या १९२८ मधील अहवालातून केंद्रीय रस्ते निधीची वाट मोकळी झाली आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या नागपूर येथील परिषदेने रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा तयार केला. तो ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखला जातो.

शहरी रस्त्यांच्या भौमितिक आखणीसंबंधी या संस्थेचे मानक १९८३ मध्ये, तर एकाच पातळीवरील छेदमार्गांसंबंधीची मार्गदर्शिका १९९४ मध्ये आली. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांतून कर्बचे तीन मुख्य प्रकार शिकविले जातात : सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा, गरज पडल्यास वाहन चढू शकेल असा, सुमारे १५ सेंटिमीटरचा अर्ध-अडथळा, आणि सुमारे २० सेंटिमीटरचा पूर्ण अडथळा. लक्षणीय गोष्ट अशी की हे तीनही प्रकार वाहन चढेल की नाही या कसोटीवर पाडलेले आहेत. माणूस चढेल की नाही, ही कसोटी कायद्यात प्रथम स्पष्टपणे आली ती १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात. चाकाच्या खुर्चीसाठी पदपथाच्या कडेला उतार करण्याची तरतूद त्यात होती. पादचारी सुविधांच्या २०१२ मधील सुधारित मानकाने पदपथाच्या कर्बची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी असे सांगितले.

नवी मुंबई आणि बंदराचा रस्ता

सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडलेल्या जुळ्या शहराच्या कल्पनेला त्यामुळे संस्थात्मक रूप मिळाले. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील सुमारे ९५ गावांचे क्षेत्र या प्रकल्पात आले. जमिनीच्या मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलकांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेमागे या लढ्याची पार्श्वभूमी आहे. या परिसरातील रस्त्याच्या प्रत्येक चौरस मीटरला हा इतिहास चिकटलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

२६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले आणि उरण तालुक्याच्या रस्त्यांचे स्वरूप पालटले. चाळीस फुटी कंटेनर वाहून नेणारा ट्रेलर हा येथील नेहमीचा प्रवासी झाला. असे वाहन वळताना त्याची मागील चाके पुढील चाकांच्या वाटेने न जाता आतल्या बाजूस सरकतात. कोपऱ्याची त्रिज्या अपुरी असेल तर ती कर्बवर, म्हणजेच उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतात. त्रिज्या वाढविली तर ट्रेलर सुखरूप वळतो, परंतु त्याचे मूल्य दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते.

साधे गणित पाहू. काटकोनी कोपऱ्यात ६ मीटर त्रिज्येच्या वक्रामुळे सुमारे ७.७ चौरस मीटर जागा वाहनमार्गात जाते. त्रिज्या १५ मीटर केल्यास ती सुमारे ४८ चौरस मीटर होते. कर्बपासून दीड मीटर आत, मुख्य रस्त्याला समांतर सरळ चालणाऱ्या पादचाऱ्याला ७ मीटर रुंदीचा उपरस्ता ओलांडताना पहिल्या स्थितीत सुमारे ११ मीटर, तर दुसऱ्या स्थितीत सुमारे २४ मीटर वाहनमार्ग पार करावा लागतो. सेकंदाला १.२ मीटर या गतीने हा काळ ९ सेकंदांवरून २० सेकंदांवर जातो. शाळकरी मूल किंवा मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण यांच्या दृष्टीने हा फरक जिवाचा आहे.

फलकावरून पडद्यावर

कोपऱ्यावरील कर्बचा लंबछेद, म्हणजे वक्राच्या कडेने उंची कशी बदलत जाते ते दाखविणारी रेषा, काढणे पूर्वी कष्टाचे काम होते. समजा, मुख्य रस्ता १४ मीटर रुंद असून त्याचा आडवा उतार २.५ टक्के आहे. त्याची कड मध्यापेक्षा १७.५ सेंटिमीटर खाली असते. उपरस्त्याची कड स्वतःच्या चढ-उताराने येते. १२ मीटर त्रिज्येच्या कोपऱ्यात सुमारे १८.८५ मीटर लांबीत या दोन कडा जोडावयाच्या असतात. दोन्ही टोकांची उंची आणि दोन्ही टोकांचा उतार अशा चार अटी येथे पाळाव्या लागतात. एका साध्या अन्वस्ताने केवळ तीन अटी पुऱ्या होतात. म्हणून दोन अन्वस्त जोडणे किंवा घनवक्र वापरणे भाग पडते. आरेखक फ्रेंच कर्व्ह घेऊन ही रेषा नजरेने जुळवीत असे आणि शेवटचा निर्णय जागेवर दोरी ताणणारा गवंडी करीत असे.

१९७० च्या दशकात इंग्लंडमधील काउंटी मंडळांच्या अभियंत्यांनी विकसित केलेल्या ‘मॉस’ या प्रणालीने रस्ता हा त्रिमितीय तारांचा संच मानला. कर्ब ही त्यातील एक तार झाली. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि आरेखन वैयक्तिक संगणकावर शक्य झाले. प्रारंभी ते फलकाचेच संगणकीय रूप होते : रेषा काढता येई, पण तिला उंचीचे भान नसे. २००० च्या दशकात आलेल्या सिव्हिल थ्रीडीच्या पुढील आवृत्त्यांत छेदमार्गासाठी स्वतंत्र साधन मिळाले. मुख्य रस्त्याचा माथा कायम ठेवून उपरस्त्याचा लंबछेद त्याला जुळविणे, चारही कोपऱ्यांचे कर्बछेद आपोआप काढणे आणि एक पातळी बदलताच बाकीच्या बदलणे हे आता काही क्षणांत होते.

तथापि आज्ञावलीने जुळविलेला वक्र गणिती दृष्टीने निर्दोष असला तरी तो पाण्याच्या दृष्टीने निर्दोष असेलच असे नाही. वक्राचा सर्वांत खोल बिंदू आणि गटाराची जाळी एका ठिकाणी आली नाही तर तेथे डबके साचते. नवी मुंबईत भरतीचे पाणी रोखण्यासाठी डच धर्तीवर धारण तलाव बांधावे लागले, इतकी ही भूमी सखल आहे. अशा सपाट भूमीवर काही सेंटिमीटरचा फरक निर्णायक ठरतो. शिवाय रस्त्यावर थरावर थर चढविल्याने कर्ब बुडतो, आणि जुनी घरे रस्त्याच्या पातळीखाली जातात. संगणकातील प्रतिमानात गावठाणातील उंबऱ्यांची पातळी भरलेली नसेल, तर हा धोका पडद्यावर दिसत नाही.

निष्कर्ष

कर्बरेषेच्या आखणीत साधन बदलले, कसोटी मात्र फारशी बदलली नाही. त्रिज्या किती, प्रमाण वाहन कोणते, कोणती पातळी स्थिर धरावयाची, हे आज्ञावली ठरवीत नाही. ती विचारते, आणि उत्तर न दिल्यास आपले पूर्वनियोजित मूल्य धरते. गवंड्याच्या दोरीत एक गुण होता : चूक झाली तर समोरच्या घरातील माणूस त्याला तेथेच सांगू शकत असे. तो संवाद आज आरेखन कार्यालयात आणणे आवश्यक आहे.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे आणि उरणपर्यंतच्या उपनगरी रेल्वेचे उद्घाटन झाले. समुद्रमार्गे जगाशी जोडलेला हा परिसर आता पूल आणि लोहमार्गाने जोडला गेला असून नवे तिठे आणि चौक येथे आखले जाणार आहेत. ट्रेलरची वाट आणि गावाची वाट जेथे वेगळी करता येईल तेथे ती वेगळी करणे, गावाकडच्या कोपऱ्यांवर लहान त्रिज्या आणि उतरता कर्ब ठेवणे, तसेच प्रतिमानाला आधारभूत पातळी म्हणून घरांचे उंबरे आणि भरतीची रेषा देणे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. ज्यांच्या जमिनीवर हे रस्ते उभे राहिले, त्यांना ते सुखरूप ओलांडता यावेत, ही या इतिहासाची किमान मागणी आहे.