जाते
जाते हे धान्य दळण्याचे व भरडण्याचे हाताने फिरवावयाचे दगडी साधन आहे. पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी महाराष्ट्रातील बहुतेक घरांत रोजचे दळण जात्यावरच होत असे. धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यासारख्या ज्वारीच्या प्रदेशात भाकरीचे पीठ याच साधनावर अवलंबून होते.

रचना
जात्यात दोन गोल दगड एकावर एक ठेवलेले असतात. खालची तळी स्थिर असते व तिच्या मध्यभागी खीळ बसविलेली असते. वरचा दगड या खिळीभोवती फिरतो. त्याच्या मध्यभागी धान्य घालण्याचे तोंड आणि कडेजवळ उभा लाकडी खुंटा असतो. दाणे मध्याजवळ फुटतात, कडेकडे सरकताना बारीक होतात आणि पीठ सभोवती पडते. हाताने फिरवावयाच्या कॉफीच्या चक्कीतही एक भाग स्थिर व दुसरा फिरता, हेच तत्त्व वापरलेले असते.

निवड
दख्खनच्या पठारावर मोठ्या प्रमाणावर आढळणारा काळा बेसाल्ट दगड जात्यासाठी वापरतात. दगड ठिसूळ असल्यास त्याची कच पिठात उतरते, म्हणून तो कठीण असावा लागतो. वरचा दगड जड असल्यास पीठ बारीक होते. मात्र ओढण्याचे श्रम वाढतात. दोन्ही दगडांचे पृष्ठभाग एकमेकांवर सारखे बसणे आवश्यक असते.

वापर
तोंडात धान्य मुठीमुठीने घालतात. एका वेळी अधिक धान्य घातल्यास पीठ जाडसर निघते. डाळ भरडताना दोन दगडांतील अंतर वाढवितात, तर ज्वारीसाठी ते कमी ठेवतात. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने जाडसर पिठाची भाकरी थापताना चिरते. पीठ शिळे झाल्यासही त्याची विरी जाते. त्यामुळे लागेल तेवढेच दळण्याची रीत होती. मोठ्या दळणासाठी दोन स्त्रिया समोरासमोर बसून एकच खुंटा ओढीत.

निगा
सततच्या वापराने दगड गुळगुळीत होतात व दाणा फुटण्याऐवजी घसरतो. अशा वेळी छिन्नीने पृष्ठभाग पुन्हा खरबरीत करतात. यास टाकी लावणे म्हणतात. त्यानंतर थोडे धान्य किंवा कोंडा दळून टाकून देतात, म्हणजे सुटलेली कच निघून जाते.

सांस्कृतिक महत्त्व
दळण हे पहाटेचे, कष्टाचे आणि जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे काम होते. ते करताना गायिलेल्या ओव्यांतून माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल आणि स्वतःचे दुःख व्यक्त झाले. गंगाखेडच्या संत जनाबाईला विठ्ठल दळू लागला, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. ‘जात्यावर बसले की ओवी सुचते’ आणि ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ या म्हणी याच अनुभवातून आल्या. विवाहापूर्वी जात्याची पूजा करून हळद दळण्याची प्रथाही आहे.

सद्यस्थिती
विजेवरील गिरण्यांमुळे स्त्रियांचे मोठे कष्ट वाचले. त्याचबरोबर ओव्या गाण्याचा रोजचा प्रसंगही संपला. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. आज जाते मुख्यतः विवाहविधींपुरते आणि थोडीफार डाळ भरडण्यापुरते उरले आहे.