गाडीतल्या रेडिओची खरखर : धाराशिव जिल्ह्यातील वाटचाल

मोटारीत रेडिओ आला तो खरखर सोबत घेऊनच. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' हा कार रेडिओ बाजारात आणला, तेव्हा मुख्य अडथळा इंजिनाचाच होता. पेट्रोल इंजिनातली प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असले, की अशा १०० ठिणग्या दर सेकंदाला पडतात. त्यामुळे प्लगच्या वायरींना रोधक आणि डायनॅमोला कंडेन्सर लावणे हा रेडिओ बसवण्याच्या कामाचाच भाग झाला.

धाराशिव जिल्ह्यात या अडचणीत अंतराची भर पडली. मध्यम लहरींवर पुणे किंवा हैदराबाद केंद्र लावायचे, तर लहरी येईपर्यंत क्षीण होत. क्षीण लहर वाढवताना रेडिओ तिच्यासोबत ठिणगीचा आवाजही वाढवतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग, उमरग्याकडून जाणाऱ्या पेट्रोल गाडीत म्हणूनच एरिअलचे अर्थिंग फार महत्त्वाचे ठरे. पुढे जिल्ह्यात आकाशवाणीचे एफएम केंद्र आले. एफएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत नव्हे, तर वारंवारतेच्या बदलात साठवलेला असतो. त्यामुळे ठिणगीचा त्रास बराच कमी होतो. बालाघाटच्या डोंगररांगांत मात्र चढउतारांमुळे एफएमही मध्येच फसफसते. तो दोष गाडीचा नसतो.

डिझेल जीप आणि कॅसेट प्लेअर यांनी चित्र बदलले. डिझेल इंजिनात प्लगची ठिणगीच नसते आणि कॅसेटला एरिअल लागत नाही. तरीही आवाज राहिला, फक्त त्याचे रूप बदलले. खरखरीच्या जागी शिट्टी आली आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती चढू लागली. तिचे मूळ अल्टरनेटरमध्ये होते. नेहमीच्या १२ ध्रुवांच्या अल्टरनेटरमधून एका फेऱ्याला विजेचे ३६ तरंग निघतात. त्याचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील, तर १८०० हर्ट्झचा स्वर तयार होतो. हा स्वर कानाला स्पष्ट जाणवतो.

डिकीत वेगळा ॲम्प्लिफायर बसू लागल्यावर हा दोष वाढला. डेक डॅशबोर्डपाशी आणि ॲम्प्लिफायर मागे, असे दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बॉडीला अर्थ केले, की त्या दोन जागांच्या विद्युतदाबातल्या फरकामुळे सिग्नलच्या वायरीतून प्रवाह वाहतो आणि तो स्पीकरमध्ये ऐकू येतो. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट अर्थिंग करणे, शक्य तिथे दोन्ही अर्थ एकाच जागी आणणे आणि सिग्नलची वायर बॅटरीच्या वायरीपासून दूर नेणे, हे त्यावरचे उपाय.

या अनुभवातून तपासणीचा क्रम ठरला. इंजिन बंद केल्यावर आवाज थांबला, तर मूळ इंजिनाशी जोडलेले आहे. एरिअल काढल्यावर थांबला, तर तो एरिअलमधून येतो. आवाज कमी-जास्त करण्याचे बटण फिरवूनही शिट्टी तेवढीच राहिली, तर दोष त्या बटणाच्या पुढच्या भागात, बहुधा ॲम्प्लिफायर किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये असतो. सिग्नलची वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवल्यावर ती थांबली, तर वायर किंवा डेक तपासायचा.

आज मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवे हे नवे स्रोत आहेत. त्यांच्यातील वेगाने चालू-बंद होणारी सर्किटे मध्यम लहरींवर, कधी एफएमवरही, खरखर आणतात. विजेवरच्या गाड्यांतील इन्व्हर्टरचाही तोच परिणाम होतो, म्हणून काही उत्पादकांनी अशा गाड्यांतून मध्यम लहरींचा रेडिओ वगळला आहे. एकेक उपकरण बंद करत जाणे ही इथली पहिली पायरी. आवाज ज्यावर थांबेल, त्यालाच फिल्टर लावायचा किंवा ते बदलायचे.