एचएलए जनुकविविधता, भारतीय लोकसमूहांतील
एचएलए हा सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील जनुकसमूह. या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने पेशीत शिरलेल्या विषाणूंचे तुकडे टी-पेशींपुढे मांडतात. मानवी जनुकांत सर्वाधिक वैविध्य येथेच आढळते. रोगजंतू सतत बदलत असल्याने हे वैविध्य समाजाला तारक ठरते. भारतात सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी उत्तर व दक्षिण भारतीय पूर्वजगटांचा व्यापक संकर झाला. पुढे जातीतल्या जातीत विवाह रूढ झाले. त्यामुळे शेजारी नांदणाऱ्या दोन समाजांतही एचएलए प्रकारांचे प्रमाण वेगळे असू शकते. याची झळ अस्थिमज्जारोपणाच्या वेळी रुग्णाला बसते, कारण त्यासाठी दाता व रुग्ण यांचे एचएलए प्रकार जुळावे लागतात. सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता अवघी २५ टक्के असते, आणि परक्या वंशगटात जुळणारा दाता क्वचितच मिळतो. म्हणून येथील प्रत्येक समाजातून ऐच्छिक दात्यांची नोंदणी होणे निकडीचे आहे.