गुड फ्रायडे, पेशवे आणि वसईच्या घंटा

दरवर्षी जानेवारी उजाडला की ऑफिसात एक मेल फिरायला लागते: 'या वर्षीचे लाँग वीकेंड्स'. त्यात गुड फ्रायडेचा नंबर वरचा. शुक्रवार, शनिवार, रविवार, म्हणजे महाबळेश्वर नाहीतर दिवेआगर पक्कं. मग गुरुवारी संध्याकाळी कोणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे' असंही पाठवतं. खरं तर हा सुतकाचा दिवस आहे. या दिवशी चर्चमध्ये घंटासुद्धा वाजवत नाहीत.

पण आजचा विषय तो नाही. विषय आहे, हा गुड फ्रायडे पुण्यात आणला कोणी? 'इंग्रजांनी, आणखी कोणी?' हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडावर असतं, आणि ते चूक आहे. खडकीची लढाई झाली १८१७ मध्ये. त्याच्या पंचवीस वर्षं आधी पुण्यात ख्रिस्ती देऊळ उभं राहिलं होतं, आणि त्याला जागा दिली होती पेशव्यांनी. तिथे जो वसंतातला सण आला, त्याचं मूळ लंडनमध्ये नव्हतं. ते होतं स्पेन आणि पोर्तुगालमध्ये. तर मंडळी, जरा लांबून सुरुवात करू.

स्पेनमधला वसंत म्हणजे सणांची रांगच. आधी कार्निव्हल, म्हणजे खा, प्या, नाचा, सोंगं काढा. मग भस्माचा बुधवार, त्या दिवशी कपाळाला राख लावायची आणि चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू. शेवटचा आठवडा 'सेमाना सांता', म्हणजे पवित्र सप्ताह. सेव्हिया शहरात या आठवड्यात साठहून जास्त मंडळं (त्यांना तिथे बंधुसंघ म्हणतात) येशू आणि मारियेच्या मूर्तींचे प्रचंड देव्हारे रस्त्यावर काढतात. देव्हाऱ्याच्या खाली, पडद्याआड, माणसं तो मानेवर पेलून चालतात. त्यांना बाहेरचं काही दिसत नाही, पुढचा नायक आवाजाने वाट दाखवतो. कोणत्या मंडळाने कधी निघायचं, कुठल्या रस्त्याने जायचं, सगळं ठरलेलं. मानाच्या गणपतींचा क्रम आणि लक्ष्मी रोड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कल्पना येईल.

तिकडे व्हॅलेन्सियात १९ मार्चच्या रात्री 'फायास' नावाची होळी पेटते. गल्लोगल्लीची मंडळं वर्षभर खपून पुढाऱ्यांची आणि नटनट्यांची टिंगल करणारे पुतळे बनवतात आणि एका रात्रीत जाळून टाकतात. लोकांच्या मतांनी फक्त एका पुतळ्याला माफी मिळते, ही पद्धत १९३४ पासूनची. २०१६ मध्ये युनेस्कोने या सणाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ईस्टर झाला की सेव्हियात एप्रिलची जत्रा. ती १८४७ मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली होती. थोडक्यात काय, तर सोंगं, होळी, उपास, पालखी, जत्रा. ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं गणित. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, कारण तिचा नियम चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्या, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. ही पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाहीत, एकोणीस वर्षांच्या चक्रावरून कोष्टकाने काढतात. आपल्याकडे अधिक महिन्याचा हिशोब, त्यांच्याकडे हे चक्र. दोन वेगवेगळ्या सिस्टिम्स, पण घड्याळ एकच, चंद्राचं. त्यामुळे ईस्टर कधी आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या मागे येतो, तर कधी चैत्री पौर्णिमेच्या. २००८ साली २१ मार्चला होळी आणि गुड फ्रायडे एकाच दिवशी आले होते. २०२३ मध्ये ६ एप्रिलला हनुमान जयंती आणि ७ ला गुड फ्रायडे. २०२४ मध्ये होळी पेटली त्याच रविवारी चर्चमध्ये 'झावळ्यांचा रविवार' होता. हा काही दैवी संकेत वगैरे नाही. दोन्हीकडच्या लोकांना थंडी संपल्यावरच्या पौर्णिमेला काहीतरी करावंसं वाटलं, एवढंच.

बरं, हा सण महाराष्ट्रात आला कसा? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे १५८० ते १६४० अशी साठ वर्षं स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. म्हणजे स्पेनच्या गादीवरचा फिलिप हा वसई आणि गोव्याचाही राजा. याच काळात, १६१६ मध्ये, गोव्यातल्या राचोलला 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज आणि पंथाने जेझुइट. या पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला बास्क. (पाषाण रोडवरची लोयोला शाळा आठवली ना? तोच.) येशूच्या दुःखभोगाची सगळी कथा या पुराणात मराठी ओव्यांत आहे, आपल्या हरिदासी थाटात. म्हणजे गुड फ्रायडेची गोष्ट मराठीत सांगायला लागून चारशे वर्षं उलटून गेली. या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती मात्र निघायला १९५६ साल उजाडलं. ती निघाली पुण्यात, शांताराम बंडेलूंच्या संपादनाखाली.

हे सगळं गोडगोड होतं असं मात्र समजू नका. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसलं ते, मधला चार वर्षांचा खंड सोडला तर, १८१२ पर्यंत चाललं. १७३६ च्या एका फर्मानाने तर बाटलेल्या लोकांच्या लग्नातली गाणी आणि दारातली तुळससुद्धा गुन्हा ठरवली. जुन्या रीतींवर अशी पाळत, आणि सरकारमान्य धिंगाण्याला मात्र मोकळीक. पोर्तुगीज 'एंत्रुदु'चं कोकणीत 'इंत्रूज' झालं. उपासकाळाच्या आधीचे ते तीन दिवस, एकमेकांवर पीठ आणि रंगीत पाणी उडवायचं, सोंगं काढायची. आणि शेजारच्या गावात शिमगा! एकाला परवानगी, दुसऱ्यावर डोळे वटारलेले. सणाची मजा तीच असते, पण पाठीशी राज्य कोणाचं आहे यावर त्याचं नशीब ठरतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता येऊ १७३९ वर. चिमाजीअप्पांचा वसईचा वेढा आपण शाळेत शिकलो. फेब्रुवारीत वेढा आवळला, मे महिन्यात किल्ला पडला. या तारखांमध्ये मी सहज ईस्टरचं सूत्र घालून पाहिलं. उत्तर आलं २९ मार्च १७३९. म्हणजे त्या वर्षीचा पवित्र सप्ताह वेढ्याच्या ऐन मध्यात आला होता! बाहेर मराठ्यांचे मोर्चे, आत उपासकाळ. रिवाज असा की गुरुवारच्या उपासनेनंतर चर्चच्या घंटा गप्प होतात आणि थेट शनिवारच्या उपासनेत सगळ्या एकदम घणघणतात. मधल्या काळात लाकडी खटखट्या वाजवायचा, स्पॅनिशमध्ये त्याला 'मात्राका' म्हणतात. तोफांच्या आवाजात त्या वर्षी तो कितीसा ऐकू आला असेल, कोण जाणे.

किल्ला पडल्यावर वसई प्रांतातल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. भीमाशंकरची १७२९ ची. मेणवलीला, 'स्वदेस' सिनेमात पाहिलेल्या त्या घाटावर, आणखी एक. भीमाशंकरला पावसाळी ट्रेकला गेलेल्या प्रत्येकाने तिथे फोटो काढलेला असतो, आणि 'चिमाजीअप्पांनी आणलेली घंटा' असं सांगताना आपला आवाज जरा चढतोच. चढू दे, विजय खराच होता. फक्त एक साधी वजाबाकी करा. १७२९ ते १७३९. ही घंटा ज्या गावात होती तिथल्या लोकांनी ती जेमतेम दहा-अकरा ईस्टर ऐकली. त्यातले बरेच जण पोर्तुगीज नव्हतेच. आपल्याच कोळ्या-वाडवळांपैकी, मराठी बोलणारे होते. राजा गेला, गढ्या गेल्या, घंटा गेली. हे लोक मात्र तिथेच राहिले.

आणि ते राहू शकले याचं श्रेयही मराठ्यांच्याच खात्यावर जमा आहे. किल्ला खाली करताना जो करार झाला त्यात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा होती. म्हणून आज वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलणारे ख्रिस्ती आहेत. म्हणूनच त्यांच्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुबोध बायबल' मराठीत आणू शकले आणि २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. (२०२४ मध्ये ते गेले.)

आता पुण्यात या. साल १७९२. गादीवर अठरा वर्षांचे सवाई माधवराव, कारभार नाना फडणविसांचा. पेशव्यांच्या फौजेत, विशेषतः तोफखान्यात, पोर्तुगीज वंशाची आणि गोव्याकडची ख्रिस्ती माणसं चाकरीला होती. त्यांच्यातला एक अधिकारी दों मिगेल दि नोरोन्हा. या लोकांना उपासनेसाठी पेशव्यांनी शहराच्या पूर्वेला सुमारे चार एकर जागा दिली. तेच आजचं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च. पहिली मिस्सा १७९२ च्या नाताळात झाली असं सांगतात. (आत्ताची इमारत नंतरची, १८५२ ची.) पुन्हा सूत्र चालवलं तर पुढचा ईस्टर येतो ३१ मार्च १७९३ ला. या चर्चचा तो पहिला.

त्या वसंतातलं पुणं कसं होतं बघा. महादजी शिंदे आदल्या जूनमध्ये दिल्लीकडून आलेले, छावणी वानवडीला. सवाई माधवरावांच्या रंगखेळाचा थाट असा की शाहीर प्रभाकराने त्यावर पोवाडा रचला. म्हणजे एकाच शहरात, जेमतेम तीन किलोमीटरच्या आत, इकडे शनिवारवाड्याचा रंग आणि तिकडे पूर्वेच्या वेशीबाहेर गोवेकर गोलंदाजांचा उपासकाळ.

पेशव्यांनी हे का केलं? त्यांना एकदम 'सेक्युलर' करून टाकण्याची घाई नको. साधं कारण आहे: चांगला गोलंदाज मिळत नव्हता, आणि मिळाला तर टिकवायला लागत होता. आजच्या एचआरच्या भाषेत याला रिटेन्शन म्हणतात :) परमुलुखातल्या माणसाला पगाराइतकंच त्याच्या सणाचं ठिकाण लागतं, हे नानांच्या कारभाराला कळत होतं. पण कारण व्यवहाराचं होतं म्हणून गोष्ट लहान होत नाही. त्या वेळी गोव्यात इन्क्विझिशन अजून चालू होतं, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी वसईच्या घंटा उतरवून आणल्या त्यांनीच पुण्यात एक नवी घंटा टांगायला जागा दिली होती. मधे गेली होती फक्त त्रेपन्न वर्षं.

इंग्रज आले ते यानंतर. कॅम्पातलं सेंट मेरी १८२५ चं, आयरिश शिपायांसाठीचं सेंट पॅट्रिक १८५० चं, पुण्याचा कॅथलिक धर्मप्रांत १८८६ चा. इंग्रजांनी सुट्ट्यांच्या यादीत गुड फ्रायडे घातला, आणि त्या यादीमुळे आधीची गोष्ट झाकली गेली. आपल्याला यादी आठवते, सनद आठवत नाही.

सण 'आपला' की 'त्यांचा' हा वाद हल्ली फार लवकर पेटतो. माझ्या मते त्याच्या जागी विचारण्यासारखे प्रश्न दोन आहेत: त्याला बंदी कोणी घातली, आणि जागा कोणी दिली? गोव्याच्या राज्यकर्त्यांनी तुळशीला बंदी घातली, त्याचा डाग त्यांच्या नावावर आजही आहे. पुण्याच्या राज्यकर्त्यांनी चार एकर जागा दिली, ती जमा आपल्या नावावर आहे, पण आपण तिचा हिशोबच ठेवलेला नाही. घंटांचा मात्र चोख ठेवला आहे.

तर पुढच्या वर्षी लाँग वीकेंडची मेल आली की जरूर फिरायला जा. पण कोणी पुण्यातच राहिलं, तर शुक्रवारी दुपारी एकदा क्वार्टर गेटवरून चक्कर मारा. ट्रॅफिक असेलच, हॉर्न असतीलच. घंटा तेवढी ऐकू येणार नाही. ती दोन दिवस गप्प असते, रिवाजच तसा आहे. शनिवारी रात्री वाजेल.