पडद्यावरील शिवछत्रपति

इ. स. १९३० सालीं कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें 'स्वराज्याचें तोरण' नांवाचा मूकपट तयार केला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें व शिवाजीमहाराजांची भूमिकाही त्यांचीच. कायदेभंगाचे दिवस होते. 'स्वराज्य' हा शब्द परकी सरकारास रुचेना. गडावर निशाण चढविण्याच्या दृश्यासही हरकत निघाली. अखेर नांव बदलून तो 'उदयकाल' म्हणून लोकांपुढें आला. १६८० सालीं निवर्तलेला राजा अडीचशें वर्षांनंतरही राज्यकर्त्यांस धोक्याचा वाटत होता!

१९५२ सालीं भालजी पेंढारकरांनीं 'छत्रपति शिवाजी' काढला, तेव्हां 'स्वराज्य' म्हणावयास कोणाची परवानगी नको होती. चंद्रकांत यांनीं उभा केलेला राजा पुढें अनेक घरांतून मनावर ठसला. मिर्झाराजे जयसिंगाच्या भूमिकेंत पृथ्वीराज कपूर होते.

२००९ सालच्या 'मी शिवाजीराजे भोसले बोलतोय' ह्या चित्रपटांत मात्र शत्रु परका नाहीं. महेश मांजरेकरांनीं रंगविलेले महाराज मुंबईंतील एका खचलेल्या मराठी गृहस्थापुढें प्रकट होतात आणि त्याच्याच न्यूनगंडाबद्दल त्याची कानउघाडणी करितात.

राजाचें चरित्र पडद्यावरून ठरवूं नये. त्यासाठीं त्याचीं पत्रें आहेत, बखरी आहेत. परंतु त्या त्या पिढीला राजाकडून काय हवें होतें, हें पडदा अचूक सांगतो. त्यांतही नवल मूकपटाचें. ज्या राजाच्या तोंडून एकही शब्द ऐकूं येत नव्हता, त्याच्याच एका शब्दाचें सरकारनें सर्वांत अधिक भय घेतलें.