मागितलेले पाणी आणि राखलेले पाणी



स्मरणिकेत शाळेच्या आठवणी भरपूर असतील, म्हणून मी आपल्या भागातल्या पाण्याचा थोडा इतिहास लिहायला घेतला आहे. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. शिक्षण अभियांत्रिकीचे, तेही नांदेडला विष्णुपुरीत, गोदावरीच्या शेजारी. आणि नोकरी सॉफ्टवेअरची. पण ज्या काळाबद्दल लिहिते आहे, त्यातला मोठा भाग आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. त्यामुळे कुठे चुकले तर कान धरायला आपले सर आणि बाई आहेतच.

पर्यावरणाच्या चळवळी म्हटले की हिमालयातले चिपको, केरळातली सायलेंट व्हॅली, नर्मदेचे खोरे ही नावे पुढे येतात. या यादीत मराठवाडा नसतो. याचा अर्थ इथले लोक उदासीन होते असा नाही. चिपकोची झाडे वाचवली जात होती, तेव्हा मराठवाडा १९७२ च्या दुष्काळातून नुकता बाहेर पडत होता. आपल्या आधीच्या पिढीने तेव्हा दुष्काळी कामांवर खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. अशा लोकांना धरण म्हणजे संकट वाटणे शक्यच नव्हते. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये पायाभरणी केलेले जायकवाडी १९७६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा लोकांना तो उत्सव वाटला. शंकरराव चव्हाणांचे नाव आजही नांदेडकर आदराने घेतात, ते जायकवाडी आणि विष्णुपुरीमुळे. पुढे नर्मदेच्या खोऱ्यात धरणाविरुद्ध लढा चालू असताना आपल्याकडे धरणासाठी मोर्चे निघत होते. 'पर्यावरण' हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून आला. लोकांच्या तोंडी कायम 'पाणी' राहिले.

ही पाण्याची मागणी न्याय्य होती आणि तिला यशही आले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला आणि खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटावे हे तत्त्व कागदावर आले. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाची बाजू उचलून धरली. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यासाठी सर्व पक्ष एक झाले. आंध्राशी वाद झाला, २०१० मध्ये चंद्राबाबू नायडूंना धर्माबादला अडवून अटक झाली, आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह बंधाऱ्याला परवानगी दिली. २.७४ टीएमसीचा हा बंधारा. त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, ही त्यातली एक अट.

पण त्याच नांदेडात शहराचे सांडपाणी नाल्यांतून गोदावरीत येत राहिले. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८ मध्ये शहराचा कायापालट झाला, घाट बांधले गेले. नाल्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. बाभळीसाठी रस्त्यावर उतरलेली गर्दी नाल्यांसाठी कधी उतरली नाही. पाणी मागण्याची चळवळ आपल्याला जमली. आलेले पाणी राखण्याची चळवळ आपण उभी केली नाही.

लातूरने याची किंमत २०१६ मध्ये मोजली. लागोपाठ कोरडी वर्षे गेली, मांजरा धरण आटले, नळांना पाणी येईना. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तिचे छायाचित्र देशभर गाजले. त्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी सव्वा लिटर. पुढे ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणू लागली; तरी माणशी सव्वासहा लिटर, फार तर एक छोटी बादली.

आता दुसरा हिशेब. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी लागते. म्हणजे पहिल्या गाडीने जेवढे पाणी आणले, तेवढ्यात अडीच क्विंटल साखर होते. पन्नास किलोची पाच पोती. मोठ्या गाडीतल्या पाण्यात पंचवीस पोती. ज्या मांजरेच्या खोऱ्यात माणसांना रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या कारखान्यांनी त्याच हंगामात ऊस गाळला होता.

हे वाचून आपल्यातल्या ऊसवाल्यांनी रागावू नये. उसाला ठरलेला दर आहे, कारखाना घेऊन जातो, हप्ता येतो. तुरीला आणि सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण अशी खात्रीची उचल नाही, आणि तेही लातूरसारखी नावाजलेली बाजारपेठ दाराशी असताना. दोष शेतकऱ्यावर टाकून मोकळे होता येणार नाही. पण माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत उसावर बंधन घालायला सुचवले होते. त्या शिफारशीसाठी मराठवाड्यात मोर्चा निघाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात एक चांगली गोष्टही घडली. 'जलयुक्त लातूर' नावाने लातूरकर एकत्र आले. डॉक्टर, व्यापारी, शिक्षक, वकील यांनी वर्गणी काढली आणि साई-नागझरी पट्ट्यात मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला. सरकारची वाट न पाहता नदीवर गेलेले एवढे लोक आपल्याकडे पहिल्यांदाच दिसले. पण त्याच सुमारास राज्यभर चाललेल्या नदी-नाला खोलीकरणावर मराठवाड्यातूनच आक्षेप आला. औरंगाबादचे अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. माथ्यावर पाणी अडवल्याशिवाय पायथ्याला खड्डा केल्याने काय साधणार, हा त्यातला मूळ प्रश्न. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांपुरतेच साठते. म्हणून एकाचे बोअर खोल गेले की शेजाऱ्याचे आटते. लातूरचेच अतुल देऊळगावकर पर्यावरणावर वर्षानुवर्षे लिहीत आले आहेत. म्हणजे आपल्या भागात या विषयाची जाणकार माणसे नव्हती असे नाही. लोकमत त्यांच्याकडे फक्त एप्रिल-मेमध्ये वळत असे.

त्याच वर्षी पावसाने हात दिला, धरण भरले आणि चर्चा थांबली. लातूरला सरासरी आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला याच्या निम्माच. तरी तिथे ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्याप्रमाणे पिके ठरवते. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, हे गावाने स्वतः ठरवून घेतले.

नकाशात मांजरा एकदा नीट पाहा. बीड जिल्ह्यात उगम पावून ती लातूरहून बीदरला जाते, तेलंगणात सिंगूर आणि निझामसागर भरते आणि वळसा घालून नांदेडच्या सीमेवर कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. आपण नाशिक-नगरबद्दल जे बोलतो, तेच खालचे लोक आपल्याबद्दल बोलतात. वरच्याला हिशेब मागायचा तर खालच्यासाठी आपली वही उघडी असायला हवी.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने एक सूचना. शाळेला काही भेट द्यायचे आपले ठरते आहे. कमान, पुतळा असे पर्याय निघाले आहेत. त्यांच्याबरोबर एक पर्जन्यमापक, बोअरची पाणीपातळी मोजायची फीत आणि एक जाड वही देऊ या. शासनाची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपली मुले दर महिन्याला मोजतील आणि आकडा दर्शनी फळ्यावर लिहितील. दहा वर्षांनी ती वही लातूरच्या एका कोपऱ्याचा खरा इतिहास असेल. नोंदी संगणकावर ठेवायची व्यवस्था मी करून देते. दर महिन्याला फळ्यावर आकडा आला की नाही हे पाहायला गावात राहणारे दोघे-तिघे हवे आहेत. नावे मेळाव्याच्या दिवशीच कळवा.