लिनक्स लॅपटॉपवरील ध्वनिमुद्रणाची समस्या : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

लिनक्स प्रणालीच्या लॅपटॉपवर व्याख्यान किंवा मुलाखत मुद्रित करावी आणि नंतर ऐकताना निव्वळ शांतता हाती यावी, हा अनुभव अनेक अध्यापकांना परिचित असेल. यंत्र बिघडले किंवा आपले काही चुकले, असा समज अशा वेळी होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र या शांततेचे मूळ पुष्कळदा लिनक्समधील ध्वनिव्यवस्थेच्या इतिहासात सापडते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, प्रसिद्ध केला. पुढील वर्षी फिनलंडमधीलच हन्नू सावोलाइनेन यांनी साउंड ब्लास्टर कार्डासाठी ड्रायव्हर लिहिला. त्यातून 'ओपन साउंड सिस्टिम' घडली. १९९८ मध्ये यारोस्लाव किसेला यांनी आरंभिलेली 'अल्सा' ही व्यवस्था डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीपासून स्थिर कर्नलचा भाग झाली. अल्साने कार्डावरील प्रत्येक कळ वापरणाऱ्यासमोर उघडी ठेवली, परंतु आरंभी बहुतेक वाहिन्या मूक ठेवल्या. म्हणूनच 'अल्सामिक्सर' उघडून मुद्रणाची वाहिनी चालू आहे का, हे पाहण्याचा सल्ला आजही प्रथम दिला जातो.

इंटेलच्या २००४ मधील 'हाय डेफिनिशन ऑडिओ' मानकामुळे एकसूत्रता आली खरी. पण मायक्रोफोन चिपच्या कोणत्या टोकाला जोडावा, हे लॅपटॉपच्या उत्पादकावर राहिले. बायोसमधील त्याविषयीची नोंद चुकीची असल्यास ड्रायव्हरला स्वतंत्र अपवाद लिहावा लागतो. अशा अपवादांची कर्नलमधील यादी लांबलचक आहे, आणि ती वाचणे हा एक वेगळाच इतिहासाभ्यास ठरेल! काही लॅपटॉपांत एकाच मायक्रोफोनचा संकेत डाव्या व उजव्या वाहिनीवर परस्परविरुद्ध रूपात येतो. वाहिन्या स्वतंत्रपणे ऐकल्या तर आवाज स्वच्छ असतो. त्या एकत्र केल्या की अधिक-उणे मिळून बेरीज शून्य होते. एक वाहिनी बंद करताच आवाज परत येतो. येथे यंत्र निर्दोष असते आणि वापरणाराही.

लेनार्ट पोटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेला 'पल्सऑडिओ' २००७ च्या फेडोरा ८ मध्ये मूळ व्यवस्था म्हणून आला. २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये त्याची जागा विम टायमन्स यांच्या 'पाइपवायर'ने घेतली. या थरांमुळे अनेक प्रोग्रामांना ध्वनी वाटून घेता आला. मात्र चुकीचा स्रोत निवडला जाण्याची नवी शक्यताही आली. मायक्रोफोनऐवजी 'मॉनिटर' निवडला गेल्यास लॅपटॉप स्वतः वाजवीत असलेलाच ध्वनी मुद्रित होतो.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांतील डिजिटल मायक्रोफोन प्रोसेसरमधील ध्वनिसंस्कारकाला जोडलेले असतात. इंटेलने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'साउंड ओपन फर्मवेअर'ची फाइल अशा लॅपटॉपवर नसेल, तर मायक्रोफोन यादीत दिसतच नाही. म्हणून तपासणी तळाकडून करावी. 'एरेकॉर्ड' या आज्ञेच्या यादीत उपकरण नसेल तर दोष कर्नल अथवा फर्मवेअरच्या पातळीवर शोधावा. त्याच आज्ञेने थेट मुद्रण नीट होत असेल, तर वरच्या थरात.